अंबूबाईंची बाटली गार ठेवायचो तो मी

मित्रांनो, होसकोटेच्या भंगारच्या दुकानात दाराशी जो जुना फ्रीज आडवा पडलाय, तो मी. रंग उडालाय, दार नीट लागत नाही; पण आयुष्यभर नोकरी सरकारी केली, म्हणून चार शब्द बोलतो.

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलामागे पत्र्याच्या घरांची एक गल्ली आहे. तिथल्या सरकारी दवाखान्यात मी औषधं गार ठेवायचो. गल्लीत कुणाकडे फ्रीज नव्हता, म्हणून निपाणीकडून आलेल्या अंबूबाईंची इन्सुलिनची बाटलीही माझ्याकडेच असायची. रोज सकाळी नर्स विमलाअक्का त्यांना सुई टोचायच्या.

"स्वल्प हळू गं, मी काय उशी आहे?" अंबूबाई म्हणायच्या. आणि जाताना म्हशीला मारावी तशी मला हलकी थाप मारायच्या. मला ते फार आवडायचं.

मग पलीकडे काचेच्या दारांचं खाजगी हॉस्पिटल झालं. तिथल्या खुर्च्या मऊ. गल्लीतली माणसं उसनवारी करून साध्या तापालाही तिकडे जाऊ लागली. आमची बाकं रिकामी राहिली आणि वरून निरोप आला: रुग्ण येत नाहीत, दवाखाना बंद करून जागा त्या हॉस्पिटलला द्यायची. त्याआधी एक साहेब पाहणीला येणार होते.

अंबूबाई घरोघर फिरल्या. "सगळ्यांनी यायचं. गर्दी दिसली पाहिजे."

"अहो, पण मला काही झालेलंच नाही," एक जण म्हणाली.

"मग न झालेलं दाखवायला ये."

आली की सगळी गल्ली. साहेबांपुढे मळकं कसं जायचं, म्हणून बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या, पोरांना पावडर लावली. हळदीकुंकवाला जमाव्यात तशा बसल्या. साहेबांनी काय होतंय विचारलं, की लाजून म्हणायच्या, "काही नाही सर."

"इथे तर सगळे ठणठणीत आहेत," साहेब विमलाअक्कांना म्हणाले. "दवाखाना कशाला हवा?"

अंबूबाईंनी माझं दार उघडून बाटली दाखवली.

"एका बाटलीसाठी दवाखाना चालत नाही, अज्जी."

थोड्याच दिवसांत माझी वायर काढली. विमलाअक्कांनी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून अंबूबाईंना दिली. "सरी, ठीक आहे," एवढंच अंबूबाई म्हणाल्या. त्या दिवशी मला थाप मारायला विसरल्या.

काचेच्या हॉस्पिटलात कुणाची बाटली ठेवून घेत नाहीत. अंबूबाईंनी ती घरी पाण्याच्या मडक्यात ठेवली आणि सुई स्वतःच टोचू लागल्या. भंगाराची लॉरी येईपर्यंत मी दवाखान्याच्या व्हरांड्यातच होतो. उन्हाळा सरता सरता विमलाअक्का दवाखान्याची किल्ली परत द्यायला आल्या, तेव्हा अंबूबाईंची सून शिवलीला त्यांना सांगत होती, ते मी ऐकलं. पत्रा तापला, मडक्यातलं पाणीही तापलं, औषध नासलं. बाटली दिसायला तशीच होती. "टोचतेय ना रोज, होईल बरं, म्हणायच्या," शिवलीला म्हणाली. "गेल्या त्या दिवसापर्यंत टोचत होत्या, अक्का."

विमलाअक्का पायरीवर बसल्या. किल्ली हातातच राहिली.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. माझं झालं. पण तुमच्याकडे सरकारी दवाखाना असेल, तर ताप आला की आधी तिथे जा. तो बंद करायला कुणी आलं, तर खऱ्या आजारी माणसाला सगळ्यांत पुढे बसवा. बाक कडक असेल. तरी बसा.