शिरीषाच्या फांदीवरची अळंबी

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. बाप होऊ घातलेल्या एका माणसाने झोक्यासाठी शिरीषाच्या जाड फांदीत लोखंडी आकडा ठोकला. घणाचे अकरा घाव. साल टरकन फाटली, आतलं ओलं लाकूड उघडं पडलं. त्या जखमेत मी शिरले.

मी अळंबी बोलतेय. तेव्हा मी धुळीच्या कणाहून बारीक होते.

शिरीषाचं आणि माझं जुळणारच नव्हतं. तो ऊन खाऊन वाढतो, मी त्याला खाऊन. जखम भरायला तो नवी साल आणायचा, तोवर मी आणखी वीतभर आत गेलेली असायचे. तीन वर्षं मी त्याला आतून पोखरलं. झाडाला ओरडता येत नाही, म्हणून कुणाला कळलं नाही.

एव्हाना लेक झोक्यावर बसायला लागली होती. मग मी आकड्याशेजारी बाहेर आले, पांढऱ्या कानांसारखी.

"अहो, फांदीला हे काय फुटलंय?" आई घाबरली.

बापाने फावड्याने मला ठेचून काढलं. चिंध्या झाल्या माझ्या. वरून रंगाचा हात मारला. "घे, झालं तुझं झाड बरं!"

तुटलं ते नुसतं माझं फळ. मी आत तशीच होते.

आईचा जीव थाऱ्यावर येईना. मडकं घेताना वाजवून बघतात ना, तशी तिने स्टुलावर चढून फांदी वाजवली. खोडाकडे टणटण, आकड्यापाशी बद्द. तिने लेकीला झटकन कडेवर घेतलं.

"झाड आहे ते, मडकं नाही!" तो हसला.

"मडकं फुटलं तर पाणी सांडतं. इथं लेक बसते माझी."

"मग बघच, मला पेलतंय का ते!" म्हणत तो धपकन झोक्यावर बसला.

तिसऱ्या झोक्याला फांदी कडाडली. तो आपटला आणि फांदी त्याच्या नडगीवर आदळली. हाड मोडलेलं मला आतून ऐकू आलं. तो गुरासारखा ओरडला. आईने लेकीचं तोंड खांद्यात दाबून धरलं.

आता मी फांदीसकट कुंपणाशी पडलेय. काल तो कुबड्यांवर आला. माझे नवे कान बघून त्याने एक कुबडी उगारली, मग खाली घेतली. खोडाकडे गेला आणि बोटांनी वाजवत राहिला.

तुमच्या झाडाला असे कान फुटले, तर मला ठेचत बसू नका. आधी झोका उतरवा. आणि शेजारणीलाही सांगा, तिचीही लेकरं खेळतात.