भिंतीवर टांगलेले अखेरचे कपडे

भिंतीवर आपले अखेरचे कपडे टांगलेले दिसले तेव्हा बुन-नाम आजीला आधी वाटलं, आपण मेलो की काय.

मग वाटलं, आपल्याला चळ लागला. आपणच केव्हातरी हे कपडे देऊन टाकले आणि विसरलो. एक्क्याऐंशीव्या वर्षी माणूस आधी स्वतःवर संशय घेतो, चोरावर नंतर. ती तिथेच उभी राहून आठवायला लागली. काल रात्री जेवायला काय होतं? सोयाबीनचं कालवण आणि काकडी. सुनेचं नाव काय? तेही आठवलं, नको असताना आठवलं. म्हणजे डोकं जाग्यावर होतं. मग हे कपडे इथे आले कसे?

कोरियातल्या आंदोंग शहराच्या त्या सभागृहात तिच्या गावच्या शिलाई मंडळाची वार्षिक विक्री भरली होती. गावातल्या बारा म्हाताऱ्या वर्षभर गावच्या सभाघरात बसून शिवायच्या. कापडाचे तुकडे जोडून केलेले जोगाकबो, म्हणजे सामान बांधायचे रुमाल, भरतकाम केलेल्या थैल्या, रेशमी गोंडे. ऑगस्टात ते सगळं विकायचं आणि पैसा हृदयाचं ऑपरेशन लागणाऱ्या एखाद्या पोराला द्यायचा. आठ वर्षं हे चाललं होतं. कल्पना पिल-रेची, मंडळाची अध्यक्षही पिल-रेच. आणि पिल-रे म्हणजे बुन-नामची पन्नास वर्षांपासूनची शेजारीण, मैत्रीण, आणि खरं सांगायचं तर तिचे डोळे. कारण बुन-नामला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरी आलेला कुठलाही कागद घेऊन ती कुंपणापलीकडे जायची आणि पिल-रे तो वाचून दाखवायची. गावात हे दुसऱ्या कुणाला ठाऊकही नव्हतं. पिल-रेनं ही गोष्ट कधी बाहेर फोडली नाही, यासाठी बुन-नाम तिला देवासारखी मानायची.

एका बाईनं येऊन कमरेत वाकून नमस्कार केला. "आजी, हे तुमचंच ना? पाटीवर तुमचं नाव वाचलं. स्वतःचे अखेरचे कपडे दान करायचे, म्हणजे केवढं मोठं मन लागतं!"

"पाटीवर माझं नाव आहे?"

"हे काय, ठळक अक्षरात. आणि विकलेही गेले. दगू शहरातल्या एका हॉटेलवाल्यानं घेतले, दर्शनी दालनात लावणार म्हणे."

बुन-नाम थेट भिंतीजवळ गेली. बांबू घालून दोन्ही बाह्या ताणल्या होत्या, खाली घागरा पसरला होता. कापड तागाचं, पिकल्या भातासारखं पिवळं. ते कापड बाजारातलं नव्हतं. ताग तिच्या नवऱ्यानं पेरला, कापला, वाफवून सोलला. तिनं त्याच्या दशा नखानं चिरल्या, मांडीवर वळून जोडल्या, इतक्या की मांडीवरची लव कायमची गेली. एकाच ताग्यातून दोघांचे कपडे बेतले होते. सोळा वर्षांपूर्वीच्या अधिक महिन्यात शिवले, कारण मरणाचे कपडे अधिक महिन्यातच शिवायचे असतात. त्या महिन्यात वरचे देव-दूत कुणी माणसाच्या मागावर नसतात, एरवी भीतीची वाटणारी कामं तेव्हा उरकून घ्यावीत. बारा वर्षांपूर्वी नवरा त्याचे कपडे घालून टेकडीवर मातीआड जाऊन निजला. त्याच्या डाव्या अंगाला तिची जागा मोकळी ठेवली होती. तिचे कपडे पेटीत होते. कधी निघायचं एवढंच ठरायचं होतं, बाकी सगळी तयारी झाली होती.

तिनं बाहीचं टोक हातात घेतलं आणि बोटांनी शिवण चाचपली. मग दुसऱ्या बाहीचीही.

या कपड्यांच्या दोऱ्याला गाठ मारत नाहीत. एकही नाही. टोक मोकळं सोडायचं, नाहीतर जाणारा जीव त्यात अडकतो. आणि इथे प्रत्येक टोकाला गाठ होती. दुहेरी, घट्ट, शेवटी जरा डावीकडे वळलेली. अशी गाठ सगळ्या गावात एकच बाई मारायची. नवख्या पोरीनं मारली असती तर बुन-नामनं माफ केलं असतं, तिला काय माहीत. पण पिल-रे सोळा वर्षांपूर्वी याच कपड्यांना शेजारी बसून टाके घालत होती. टांगल्यावर उसवू नयेत म्हणून तिनं गाठी मारल्या, म्हणजे हे कपडे आता कधीच कुणाच्या अंगावर जाणार नाहीत, हे तिनं आधीच ठरवलं होतं.

पिल-रे जोगाकबोंच्या टेबलामागे सापडली. मोरपंखी रंगाचा हानबोक, सणासुदीचा पारंपरिक पोशाख, घालून, केस नीट बसवून, नव्या नवरीसारखी लगबग चालली होती.

"इकडे ये," बुन-नाम म्हणाली.

"ताई, थांब जरा, पालिकेची माणसं आलीयत—"

"पालिका गेली खड्ड्यात. माझी पेटी तू उघडलीस?"

पिल-रेनं आजूबाजूला पाहिलं आणि तिला पडद्यामागे ओढलं. "हळू बोल. मी नाही उघडली. तुझ्या सांग-ग्यूनं स्वतः आणून दिले."

सांग-ग्यू म्हणजे बुन-नामचा एकुलता एक मुलगा. सोलला असायचा. पंधरा दिवसांपूर्वी घरचा एसी साफ करायला म्हणून मुद्दाम आला होता, आणि त्याच दुपारी पिल-रेनं हट्ट करून तिला थंड नूडल्स खायला तालुक्याला नेलं होतं. दोन वाडगे चारले होते. पैसेही स्वतः दिले होते.

"तरीच," बुन-नाम म्हणाली. "पन्नास वर्षांत कधी तुझा हात पाकिटाकडे गेला नव्हता. मला वाटलं, म्हातारपणी सुधारली."

"ताई, ऐक ना. यंदा काही खपतच नव्हतं गं. लोक येतात, हात लावतात, फोटो काढतात, आणि सोलच्या बाजारातून मशीनचं घेतात. त्या पोरीच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली. मी कुठून आणू? हॉटेलवाल्यानं एका कपड्याचे पन्नास लाख वॉन दिले. पन्नास लाख! आपण बाराजणी जन्मभर रुमाल शिवले असते तरी—"

"मला विचारायचंस."

"तू दिले असतेस?"

"नसते दिले."

"मग!" पिल-रे म्हणाली, जणू हिशेब मिटला.

"माझे अखेरचे कपडे होते, पिल-रे. त्याच ताग्यातले. मी आता काय घालून त्याच्या शेजारी जाऊ? पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी. तोवर मी असेन याची लेखी हमी देतेस?"

"अगं, कशाला लागतायत ते तुला? सांग-ग्यू म्हणाला, आता त्यांचा काही उपयोगच नाही. आणि माझ्यावर कसली डाफरतेस? शिक्का तर तूच मारलास!"

"कसला शिक्का?"

पिल-रेचा चेहरा उतरला. तोंडावर हात गेला. बाहेर कुणीतरी "अध्यक्षबाई, अध्यक्षबाई" अशा हाका मारत होतं, आणि उभ्या जन्मात कुणी हाकेला एवढ्या तातडीनं ओ दिली नसेल.

बुन-नाम पडद्यामागे एकटीच राहिली. सहीऐवजी वापरायचा आपल्या नावाचा शिक्का यंदा तिनं मारला होता तो एकाच कागदावर. वसंतात, पिल-रेच्या ओसरीवर. बॉयलर बदलायला सरकार पैसे देतंय, त्याचा अर्ज आहे, असं पिल-रेनं तिला वाचून दाखवलं होतं. ओळ न् ओळ. बोट ठेवून. बॉयलर अजून जुनाच होता. वाचता न येणाऱ्या माणसाला कुठला कागद कामाचा आणि कुठला रद्दी हे कळत नाही, म्हणून ती एकही कागद टाकत नसे. सगळे पिशवीत घेऊन हिंडायची. त्या अर्जाची नक्कलही पिशवीत होती.

पडदा सरकला. सांग-ग्यू होता, सुटाबुटात. आज सकाळी तो खास विक्रीसाठी सोलहून तीन तास गाडी हाकत आला तेव्हा तिला कोण आनंद झाला होता. सभागृहाच्या दारातच तिनं तिघींना सांगितलं होतं.

"आई, चल. स्टेजवर बोलावतायत. तुझा सत्कार आहे."

"कपडे तू दिलेस?"

त्यानं नजर चुकवली. "घरी गेल्यावर बोलू. आत्ता लोक आहेत. नीट बोलू, सगळं सांगतो."

"सगळं म्हणजे आणखी आहे?"

"आई, प्लीज."

त्यानं तिच्या दंडाला धरलं. अगदी जपून धरलं, पायरीवर "सांभाळून" म्हणाला. त्या जपण्यानंच तिला रडू फुटायची वेळ आली.

स्टेजवर टाळ्या वाजल्या. पिल-रेनं माइकवर सांगितलं की आमच्या बुन-नामताईंनी एका लेकराच्या जिवासाठी स्वतःचं मरण विकायला काढलं. वाक्य चांगलं होतं, पाठ केलेलं होतं. मग एका मुलीला पुढे आणलं. दा-ऑन तिचं नाव, आठ वर्षांची, ओठ जांभळट, गुडघे काटकुळे. तिनं जमिनीला कपाळ टेकून मोठा नमस्कार घातला. उठताना तिला धाप लागली आणि तिची आई खाली बसून रडायला लागली.

आता बोलून दाखव, बुन-नाम स्वतःला म्हणाली. सांग की चोरी आहे, कपडे परत द्या. आणि या पोरीकडे बघून सांग.

तिला ते जमेना. कपडे गेले. त्या गाठींनी ते आधीच गेले होते, पण आता तिच्या मनातूनही गेले. पोरीला तिनं जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. पाठीची हाडं मोजता येत होती. "जग बाई," ती म्हणाली. "ते तुझेच झाले."

लोकांना वाटलं कार्यक्रम संपला. पालिकेच्या माणसानं तिच्या हातात मानपत्र दिलं. पिल-रे सवयीनं पुढे झाली आणि हात पुढे केला. पन्नास वर्षं असंच चाललं होतं, कागद आला की तो त्या हातात जायचा.

बुन-नामनं कागद छातीशी धरला.

"तुला शाळेत वाचायला शिकवलं का गं?" तिनं दा-ऑनला विचारलं. माइक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"हो. मी वर्गात दुसरी आहे."

"मला वाचता येत नाही," बुन-नाम म्हणाली. एक्क्याऐंशी वर्षं लपवलेली गोष्ट, तीनशे माणसांसमोर. तिला वाटलं होतं लाज वाटेल, पण लाजेला आत जागाच उरली नव्हती. "तू वाचून दाखव."

पोरगी खूश झाली. तिनं माइकसमोर उभं राहून मानपत्र खणखणीत वाचलं. ऊ बुन-नाम यांनी स्वखुशीने, थोर मनाने वगैरे. टाळ्या पडल्या.

"छान वाचतेस. आता हे पण वाच." तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला.

"ताई!" पिल-रे पुढे आली. "ताई, ते नको. तो बॉयलरचा कागद आहे, इथे कशाला—"

"बॉयलरचाच आहे ना? मग वाचू दे की."

खाली पहिल्या रांगेत सांग-ग्यू उठून उभा राहिला. "आई! ते मी सांगणार होतो! दर वर्षी गवत कापायला कोण येणार तिथे? शेजारी शेजारी दोन कप्पे घेतलेत, सोलजवळ, गाडी अगदी दारापर्यंत जाते—"

कशाचे कप्पे, हे तिनं विचारलं नाही. दा-ऑननं कागद उलगडला होता. या वेळचे शब्द कठीण होते, ती एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचत होती, वर्गात वाचतात तसं, मोठ्यानं, सावकाश.

"थडगं... उकरण्याचा... अर्ज. मृताचं नाव, क्वोन थे-सिक. तारीख, चौदा ऑगस्ट, गुरुवार." ती थांबली, श्वास घेतला. "उद्याच की. अवशेषांचं काय करणार. दहन, मग राख अस्थिगृहाच्या कप्प्यात. अर्जदार, ऊ बुन-नाम. शिक्का आहे इथे, लाल. मृताशी नातं..."

पिल-रे खाली बघत होती. मोरपंखी घागऱ्यावर तिच्या हाताची बोटं एकमेकांत अडकली होती.

"पत्नी," दा-ऑननं वाचलं, आणि मान वर केली. सगळं बरोबर वाचलं की नाही हे तिला विचारायचं होतं. "पत्नी म्हणजे तुम्हीच ना, आजी?"

"हो गं," बुन-नाम म्हणाली. "मीच."