मामाचं पाणी

नदीवर मला सगळे चिडवायचे, हिचं पाणी फोनवर येतं म्हणून. खोटं नव्हतंच ते. आमच्या नदीला स्वतःचं असं पाणी राहिलेलं नाही. वर धरण आहे, आणि त्याचं गेट उघडलं तरच खालच्या अरुंद, दगडांनी भरलेल्या घळीत कयाक, म्हणजे एकट्याची वल्ह्याची होडी, चालवण्याइतकं पाणी येतं. गेट उघडणारा माणूस माझा मामा. बावीस वर्षं एकाच कंट्रोल रूममध्ये, एकाच फिरत्या खुर्चीवर, जिचं एक चाक केव्हाच निखळलंय आणि जी बदलून द्यायची कुणाला गरज वाटलेली नाही.

मी सात वर्षांची असताना आईबाबा गेले आणि मामानं मला घरी आणलं. त्याची स्वतःची मुलगी तेव्हा तीन वर्षांची. तिला मी धाकटी म्हणते, अजूनही. तुम्हाला मुलं किती असं कुणी विचारलं की मामी सांगायची, एक माझी, एक नणंदेची. मामा म्हणायचा, दोन मुली. सरळ, एका दमात. मी शेजारी उभी असले तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण दिवसभर हवेत असायचे.

कयाकमध्ये दोघींना त्यानंच बसवलं. मी उतरण्याआधी त्याचा फोन यायचा. दोन शब्द, "पूर्ण आहे" किंवा "कमी आहे", की ठेवला. बाकीचे लोक शहाण्यासारखे काठाकाठानं चालत जाऊन चिमटा बघून यायचे. चिमटा म्हणजे आमच्या घळीतली सगळ्यात वाईट जागा. दोन्हीकडून कातळ आत आलेत आणि मधोमध फ्रिजएवढा दगड बसलाय. पाणी पूर्ण असलं तर डावीकडच्या फटीतून सुसाट जाता येतं. कमी असलं तर मुकाट्यानं उजवीकडून वळसा घ्यायचा, सहा सेकंद जास्त लागतात. फट आहे वळणाआड, त्यामुळे वरून काही दिसत नाही. डावं की उजवं हे दहा मीटर आधी ठरवायचं, आणि एकदा ठरवलं की मागं फिरणं नाही. मी कधी बघायला गेले नाही. मामा असताना कशाला तंगडतोड करायची?

यंदा देशाच्या संघात बायकांसाठी एकच जागा होती आणि निवड आमच्याच नदीवर. दहा जणी. माझं वय सव्वीस, खांदा दोनदा निखळलेला. पुढच्या निवडीला मी नसणार हे मला, डॉक्टरला आणि घरात सगळ्यांना ठाऊक होतं. चिठ्ठ्या काढल्या. धाकटीला पाचवा नंबर आला, मला नववा. दर आठ मिनिटांनी एक. धाकटी दहाला सुटणार, मी दहा बत्तीसला. गेट अकरापर्यंत पूर्ण उघडं राहील, असं लेखी ठरलेलं होतं.

धाकटी छान गेली. तिचा वेळ लाऊडस्पीकरवर ऐकला आणि मी हसले. खोटं कशाला बोलू, मला आनंदही झाला आणि हिला आपण चार सेकंदांनी तरी मागं टाकू असंही वाटलं. दहा वाजून दहा मिनिटांनी मामाचा फोन आला.

"पूर्ण आहे," तो म्हणाला. एवढंच.

मी सुटले. सुरुवातीचा डोह खोल आहे, तिथं काही कळत नाही. पण पुढं दोनदा कयाकचं बूड दगडाला घासलं. पूर्ण पाण्यात ते घासत नाही. हातांना शंका आली होती, आणि मी ती झटकली. डोळ्यांसमोर ओले, उघडे पडलेले दगड दिसत होते, आणि मी स्वतःला सांगत होते की मामा पूर्ण म्हणालाय. वळणावर डावीकडे वळले.

फटीत पाणी नव्हतंच म्हणायला हरकत नाही. कयाकचं नाक दोन कातळांत घुसलं आणि रुतलं, मागून पाणी चढलं आणि मला पुढं दाबून धरलं. हेल्मेट दगडावर आपटलं. श्वास घ्यायला जागा होती ती तळहाताएवढी. किती वेळ गेला सांगता येणार नाही. काठावरच्यांनी सांगितलं, पन्नास सेकंद. त्यांनी दोर टाकला, मला ओढून काढलं, आणि काठावर आल्याबरोबर मी पहिली शिवी कुणाला दिली असेल तर त्या दगडाला.

पाणी मोजायला चिमट्याशी रोवलेल्या पट्टीजवळ एक म्हातारा बसवला होता. तो येऊन सांगू लागला की सव्वादहालाच पाणी उतरायला लागलं, त्यानं शिट्टी वाजवली, पण ती वर सुटण्याच्या जागेपर्यंत पोचलीच नाही. पंचांनी धरणावर फोन लावला. उत्तर आलं, वीजघरातून पाणी कमी करायचा निरोप आला होता. पंचांनी आपसांत कुजबुज केली आणि जाहीर केलं, शेवटच्या चौघी उद्या सकाळी पुन्हा उतरतील, बाकीच्यांचे वेळ कायम. सगळ्यांना पटलं. माझा मात्र घोळ सुटेना.

गेटपासून चिमट्यापर्यंत पाण्याला पस्तीस मिनिटं लागतात. हे मला मामानंच शिकवलं, पाढ्यासारखं. सव्वादहाला पाणी उतरलं म्हणजे गेट खाली गेलं नऊ चाळीसला. आणि मला फोन आला दहा दहाला. गेट खाली करून अर्धा तास झाल्यावर, त्याच खुर्चीत बसून, त्यानं मला पूर्ण आहे म्हणून सांगितलं होतं. आणि पाचवा नंबर, धाकटीचा? तो तेवढ्यात बरोबर पूर्ण पाण्यातून निघून गेला होता. मी बोटांवर तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा तेच आलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी ओल्या कपड्यांनिशीच वर गेले. कंट्रोल रूममध्ये मामा एकटा होता. टेबलावर डबा उघडा, पण खाल्लेला नव्हता. मी दार लोटून घेतलं आणि विचारलं की वीजघरातल्या कुणाचा फोन आला होता, नाव सांग. त्यानं नाव सांगितलं नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग डब्याचं झाकण लावत बसला. ते आट्यांवर नीट बसत नव्हतं. मला ओरडायचं होतं. येताना सगळी वाक्यं तयार करून आणली होती.

"मी अडकले होते, मामा," एवढंच म्हणाले.

"मला वाटलं, उघडे दगड दिसले की तू उजवीकडून जाशील."

"तू पूर्ण म्हणालास."

त्यानं मान खाली घातली. मग जे बोलला ते अजून कानात आहे. म्हणाला, तिला फक्त चांगल्या पाण्यातच येतं गं. तू कसल्याही पाण्यात निभावून नेतेस. तुझं कसंही होईल, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि हे त्यानं कौतुकानं म्हटलं! मला मारलं असतं तर कमी लागलं असतं. एकोणीस वर्षं मी ज्या माणसाला बाप समजत आले, त्याच्या मनात हिशेब केव्हाचाच झालेला होता. दोन मुली होत्या त्याला, पण एकीचं कसंही होणार होतं.

मी पंचांना सांगायला गेले नाही. कुणी म्हणेल मोठेपणा. मोठेपणा कसला डोंबलाचा? त्याची नोकरी गेली असती, मामीचं घर गेलं असतं, ज्या घरात माझाही पलंग आहे. आणि पुन्हा संधी मिळतच होती. म्हटलं, उद्या त्याच्याच पाण्यात जिंकून दाखवते, मग बघू हा कुठल्या तोंडानं दोन मुली म्हणतो. घरी धाकटीनं गरम पाण्याची पिशवी आणून माझ्या खांद्यावर ठेवली. तिला काही ठाऊक नव्हतं, तिचा चेहराच सांगत होता. तरी माझ्या मनात आलंच, खरंच ठाऊक नसेल? काल असा विचार माझ्या डोक्यात शिरला नसता. मी पिशवी बाजूला ठेवली आणि पाठ फिरवून झोपले.

सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा काठानं चालत चिमट्यापर्यंत गेले. बाकीच्या तिघी बघतच राहिल्या. फ्रिजएवढा दगड पार बुडालेला होता, डावीकडची फट काठोकाठ भरून वाहत होती. पट्टीजवळच्या म्हाताऱ्यालाही विचारलं. पूर्ण, तो म्हणाला. परत वर आले, हेल्मेट चढवलं, आणि फोन वाजला. उचलणार नव्हते, पण उचलला.

"पूर्ण आहे," मामा म्हणाला. आज तिथंच ठेवला नाही. पुढं म्हणाला, "अगदी पूर्ण आहे, बाळा. कुणी हात लावणार नाही."

मी फोन पिशवीत टाकला.

सुटले ती चांगलीच. इतकी चांगली मी कधी गेले नव्हते. वल्हं जिथं टाकायचं तिथंच पडत होतं, खांदा गप्प होता, एकदाही बूड घासलं नाही. निम्म्या वाटेवर काठावरून कुणीतरी ओरडून सांगितलं की मी धाकटीच्या दोन सेकंद पुढं आहे. दगड सगळे पाण्याखाली होते. मी स्वतः डोळ्यांनी फट बघून आले होते, म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, पाणी हाताला जड लागत होतं. सगळं पूर्ण होतं. वळण आलं. दहा मीटर. डावीकडे जायचं हे मी रात्रीच ठरवलेलं होतं.

आणि कानात त्याचा आवाज आला, पूर्ण आहे बाळा, आणि माझ्या हातांनी वल्हं उजवीकडे मारलं.

उजवीकडून वळसा घेताना फट माझ्या शेजारून दिसली. पांढरीशुभ्र, भरलेली, रिकामी पडलेली माझी वाट. मी पुढं काय केलं मला आठवत नाही. हात चालत होते. खाली पोचले तेव्हा लाऊडस्पीकरवर वेळ सांगितला. धाकटी चार सेकंदांनी पुढं. जागा तिची.

ती रडत धावत आली आणि मला मिठी मारली. मी तिची पाठ थोपटली, कारण तिचा काय दोष, आणि पंच जिथं सह्या घेत होते तिकडं तिला ढकललं. मग कयाक उलटी करून पाणी काढत बसले. पाऊण तासानं मामा आला, ड्यूटी दुसऱ्याला देऊन, वरून खालपर्यंत चालत. माझ्यापासून दोन हातांवर उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते. मला बघवेना, आणि नजरही काढवेना.

"पाणी पूर्ण होतं गं," तो म्हणाला. "मी खरंच सोडलं होतं. तू बघूनही आली होतीस म्हणे. मग उजवीकडून का गेलीस?"

"तू सांगितलंस ना, पूर्ण आहे म्हणून," मी म्हणाले. "म्हणून."