अप्पांची न उघडणारी तिजोरी

अप्पांच्या कुलपांना नावं ठेवणारा माणूस अजून जन्मायचा होता, असं खुद्द अप्पांचंच मत होतं. चाळीस वर्षं त्यांनी चौकातल्या अरुंद दुकानात कुलपं दुरुस्त केली आणि किल्ल्या हरवलेल्यांना त्यांच्याच घरात शिरवून दिलं. तेव्हा स्वतःचं मृत्युपत्र ठेवायला बाजारची तिजोरी घेणं त्यांना कमीपणाचं वाटलं. तीन महिने खपून त्यांनी घरचीच एक बनवली आणि दुकानाच्या कोपऱ्यात भिंतीत बसवली. बाहेर आकड्यांची चकती, आत चार पितळी चाकं, आणि आकडे फक्त अप्पांच्या डोक्यात.

हा सगळा खटाटोप ताईसाठी. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती दुकानावरच्या खोलीत राहायला आली, त्याला तीस वर्षं झाली होती. तेव्हापासून रोज अप्पांच्या शेजारी स्टुलावर बसून ती किल्ल्यांना कानस मारत असे. घर अप्पांच्या नावावर, त्यांच्यामागे ते मुलाचं. मुलगा काही वाईट नव्हता. पण वरच्या खोलीत आपलं ऑफिस किती झकास होईल, हे तो अधूनमधून सहज म्हणून बोलून दाखवी, आणि असल्या सहज बोलण्याची अप्पांना धास्ती वाटे. म्हणून ‘ताई आहे तोवर वरची खोली ताईची’ असं त्यांनी कागदावर लिहिलं, तिजोरीत टाकलं आणि ते निर्धास्त झाले.

चार वर्षांनी एका सकाळी गल्लीतल्या वकीलबाई कपाटाची किल्ली करून घ्यायला आल्या. आल्या गिऱ्हाइकाला तिजोरी दाखवल्याशिवाय अप्पा सोडत नसत.

“आत माझं मृत्युपत्र आहे,” अप्पा म्हणाले. “कुणाचा बाप आला तरी उघडायची नाही.”

“छान. मग तुमच्यामागे ती कोण उघडणार?”

अप्पांनी तिजोरीच्या दारावर टिचकी मारली.

“कापतील की,” ते म्हणाले.

“गॅसकटरने? आणि आतला कागद?”

डबा देऊन निघालेला मुलगा हे ऐकून बाह्या सरसावून पुढे झाला. तो कॉम्प्युटरमधला माणूस. त्याने वाढदिवस लावून पाहिले, लग्नाची तारीख लावली, मोबाइल काढून कसलासा हिशेब मांडला. चकती ढिम्म. लेकाची फजिती बघून अप्पांची छाती आधी फुगली. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं की आपण मेल्यावर इथे हाच उभा असणार, असाच घाम पुसत, आणि ताई वरच्या खोलीतलं सामान बांधत असणार.

तेवढ्यात ताईने कानस खाली ठेवली.

“सरक रे जरा,” ती भाच्याला म्हणाली. तिने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, चकती चारदा फिरवली आणि दार उघडलं.

अप्पांनी दार धरून आत डोकावलं.

“ताई, तुला आकडे कुणी सांगितले?”

“तूच. चकती फिरवताना मोठ्याने मोजतोस. लहानपणी पाढेही मनातल्या मनात म्हण म्हटलं की गल्लीला ऐकवायचास.” ती स्टुलावर परत बसली. “तीन वर्षांपूर्वी तू दवाखान्यात बेशुद्ध होतास, तेव्हा तिजोरीतले विम्याचे कागद काय आभाळातून पडले?”

मुलाने मान डोलावली. “आत्यानेच दिले होते मला. कुठून काढले, ते मी विचारलंच नाही.”

वकीलबाईंनी तोवर मृत्युपत्र उलगडलं होतं. त्यांनी ते वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

“अप्पा, यावर सही नाही. साक्षीदारही नाहीत. हा नुसता कागद आहे.”

अप्पांनी कागद हातात घेतला. अक्षर सुरेख होतं, आणि खाली सहीची जागा कोरी. तीन महिने चाकं घासताना दिव्याखाली हा एवढा अंधार राहून गेला होता. मग त्यांना दुसरीच गोष्ट सुचली, आणि ते ताईकडे वळले.

“तू तेव्हा हे वाचलं होतंस?”

“हो.”

“सही नाही, हे दिसलं होतं तुला?”

“दिसलं.”

“मग तीन वर्षं बोलली का नाहीस?”

ताई किल्लीचे दाते बोटाने चाचपत होती. “काय बोलणार? माझ्या खोलीवर सही कर म्हणू? आपल्या तोंडाने कसं मागायचं रे.”

तीन वर्षं ही बाई रोज शेजारी बसून किल्ल्या घासत होती, आणि रोज वर जाऊन परक्यासारखी झोपत होती. अप्पांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी शेजारच्या न्हाव्याला गिऱ्हाईक अर्धवट सोडून यायला लावलं. अप्पांनी सही केली, वकीलबाईंनी आणि न्हाव्याने साक्षीला सह्या केल्या. एक प्रत वकीलबाईंनी आपल्याकडे ठेवायला मागितली, ती मुलाने धावत जाऊन काढून आणली.

“आता आकडे बदल,” ताई म्हणाली. “सगळ्यांना कळले.”

“सगळ्यांना कुठे?” अप्पा म्हणाले. त्यांनी मुलाला जवळ बोलावलं, तिजोरी बंद केली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मुद्दाम, एकेक आकडा मोठ्याने म्हणत चकती फिरवली.