किलोमागे शंभर ग्रॅम

मी तान्ह्या बाळांचं वजन करणारा काटा आहे, आणि मी खोटं सांगतो. हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला माझी कीव येणार नाही. कीव नकोच आहे मला. राग आला तर येऊ द्या, मलाही आलेला आहे.

जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. वर पांढरंशुभ्र, पन्हाळीसारखं खोलगट तबक, आणि पोटात एक धातूची पट्टी. बाळ ठेवलं की ती पट्टी केसभर वाकते, आणि किती वाकली त्यावरून पुढच्या काचेवर आकडा उमटतो. कारखान्यात माझ्यावर वजनं ठेवून पाहिली, दहा ग्रॅमचाही फरक निघाला नाही. माझी मान ताठ झाली. मान नाही मला, पण झाली.

माझं पहिलं घर टेकडीकडच्या दवाखान्यात होतं. तिकडे रस्ते रुंद, दुतर्फा झाडं, आणि चालत पाच मिनिटांच्या आत लहान मुलांचे आणखी दोन डॉक्टर. दवाखाना एका डॉक्टरीणबाईंचा होता. प्रत्येक बाळाआधी माझ्यावर नवा कागद अंथरला जाई. बाळ हातपाय झाडत असलं तर ते शांत होईपर्यंत सगळे थांबत. आकडा पन्नास ग्रॅमने कमी आला तर आईचा चेहरा उतरे, ती तिथूनच फोन लावी, मग आजोबा विचारत, मग मावशी विचारी, आणि डॉक्टरीणबाई न कंटाळता दुसऱ्यांदा वजन करून दाखवत. पन्नास ग्रॅम म्हणजे किती, तर एक छोटं लिंबू. तेवढ्यासाठी अख्खं घर जागं व्हायचं. मला त्याचं कौतुक वाटे, आणि अजूनही वाटतं. बाळाची काळजी अशीच घ्यायला हवी.

एके दिवशी एका हौशी बाबांचा कोपर लागून मी टेबलावरून खाली पडलो. वरून काही दिसत नव्हतं, साधा ओरखडाही नाही. पण बाईंचा नियम होता, काटा पडला की त्याच दिवशी तपासायचा. मेकॅनिक आला. त्याने माझ्यावर एक किलोचं वजन ठेवलं, मी एक किलो शंभर दाखवलं. दोन किलो ठेवले, मी दोन किलो दोनशे दाखवले.

"आतली पट्टी दबली बाई," तो म्हणाला. "किलोमागे शंभर ग्रॅम जास्त सांगतोय. रिकामा असला की शून्य बरोबर दाखवतो, त्यामुळे कुणाला कळायचंही नाही. दुरुस्त होणार नाही हा."

"मग आजपासून एकही बाळ याच्यावर ठेवायचं नाही," बाई म्हणाल्या. दुपारपर्यंत नवा काटा आला. बाईंनी स्वतःच्या हाताने एक कागद लिहून माझ्यावर चिकटवला, 'नादुरुस्त. वापरू नये.' मला तेव्हा अपमान वाटला होता. किती मूर्ख होतो मी.

वर्षभर मी मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत धूळ खात पडलो. मग दवाखान्याच्या व्यवस्थापकांना दानधर्माची हुक्की आली. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्राला सामान द्यायचं ठरलं. डॉक्टरीणबाई त्या महिन्यात गावाला गेलेल्या होत्या, त्यांना फोन करून विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. मला उचलणाऱ्या शिपायाने मात्र कागद वाचला.

"साहेब, याच्यावर वापरू नये असं लिहिलंय."

"काढून टाक तो कागद, फोटोत वाईट दिसेल."

"पण बिघडलेला आहे ना?"

"अरे, चालू तर होतोय. तिथे काय आहे त्यांच्याकडे? नसण्यापेक्षा बरा."

शिपायाने नखाने कागद खरवडला. मी ओरडत होतो, पण मला आवाज दिलाय तो फक्त बटण दाबल्यावर टुक् करण्यापुरता.

टेम्पोने वीस मिनिटं लागली. एकाच शहरात वीस मिनिटं. तेवढ्यात झाडं संपली, रस्ता अरुंद झाला, आणि रबर जळल्यासारखा वास आत शिरला तो आजतागायत गेलेला नाही. इथल्या घरांना दार आहे, खिडकी बहुतेकांना नाही. पाणी सकाळी तासभर येतं आणि नाल्याला लागून आलेल्या पाइपातून येतं, त्यामुळे पोरांची पोटं बाराही महिने बिघडलेली. आरोग्य केंद्र म्हणजे पाण्याच्या टाकीखालच्या दोन खोल्या. डॉक्टर फक्त मंगळवारी. बाकीचे दिवस एक सिस्टर, हाताखाली एक मदतनीस बाई, आणि समोर अख्खी वस्ती.

सिस्टरने मला ओल्या फडक्याने पुसलं, तबकावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती छान आहे हो." छताच्या हुकाला तिचा जुना काटा लटकत होता, बाळाला झोळीत घालून तोलायचा. त्याची काच तडकलेली, झोळीला ठिगळं. तो बिचारा बरोबर वजन सांगत होता. तिने त्याला वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर टाकलं आणि मला टेबलावर मांडलं. फोटोवाले टाळ्या वाजवून निघून गेले.

मग मी कामाला लागलो. इथे प्रत्येक बाळाचं एक कार्ड असतं. वय आणि वजन जुळवून त्यावर खूण करायची. हिरव्या पट्ट्यात आलं तर बाळ ठीक. पिवळ्यात आलं तर खाण्याकडे लक्ष द्या. लाल पट्ट्यात आलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात भरती. मी काय करत होतो ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. लालमधलं बाळ माझ्यावर ठेवलं की पिवळं व्हायचं, पिवळं असेल ते हिरवं. माझ्याइतका हुशार डॉक्टर शहरात दुसरा नसेल, औषध नाही, पाणी नाही, नुसतं अंगावर ठेवलं की पोर सुधारलं. सकाळभरात साठ बाळं. बाळ ठेव, आकडा लिही, पुढचं बाळ. सिस्टरने विश्वास ठेवला, आणि टेकडीकडून आलेल्या वस्तूवर तिने का म्हणून शंका घ्यावी?

तिकडे आरोग्य विभागाचे साहेब खूश होते. सहा महिन्यांत या वस्तीतली लाल कार्डं निम्म्यावर आली होती. बैठकीत त्यांनी तक्ता दाखवला आणि लोकांनी त्यांचं अभिनंदन केलं. ही बातमी सिस्टरनेच हसत हसत मदतनीस बाईला सांगितली होती. मला तेव्हा कुणी भिंतीवर आपटलं असतं तर मी उपकार मानले असते.

सातव्या महिन्यात आजी आली. ही आजी भाजी विकते, नाक्यावर बसून, चाळीस वर्षं. लेक आणि जावई दोघेही सकाळीच कामावर जातात, म्हणून दहा महिन्यांची नात हिच्या काखेत. सिस्टरने नातीला माझ्यावर ठेवलं. मी सांगितलं, सहा किलो दोनशे सत्तर.

"पिवळ्यात आहे आजी," सिस्टर म्हणाली. "खायला घाला थोडं थोडं. पुढच्या महिन्यात आणा."

आजी हलली नाही. "किती म्हणालात?"

"सव्वासहा किलो."

"नाही हो. ही पावणेसहाच्या वर नाही."

मागच्या बायका हसल्या. सिस्टर दमलेली होती. "आजी, काटा सांगतोय ना. तुम्हाला काय हाताला कळतं?"

"दुसरं काय कळतं मला? चाळीस वर्षं तोलतेय. दुधी उचलला की सांगते मी किती भरेल ते. पोर दोन महिने नुसती पातळ होतेय आणि तुमचं कार्ड म्हणतंय पिवळं. तुमचा काटा लबाड आहे सिस्टर."

असं म्हणून तिने नातीला मागच्या बाईकडे दिलं आणि तरातरा निघून गेली. सिस्टरने कपाळाला हात लावला. दहा मिनिटांत आजी परत आली ती आपल्या गाडीवरचं किलोचं लोखंडी वजन घेऊन, आणि ते तिने माझ्या तबकात ठेवलं. मी काय करणार? जे मेकॅनिकला सांगितलं तेच सांगितलं. एक किलो शंभर.

सिस्टरने वजन उचललं, शून्य पाहिलं, परत ठेवलं. तीनदा. मग स्टुलावर चढून कपाटावरचा जुना काटा काढला आणि नातीला झोळीत घातलं. पाच किलो सातशे. सिस्टरने कार्डावर बोट ठेवलं, ते लाल पट्ट्यात होतं.

तिने तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज मोठा, मलाही ऐकू येत होता.

"एवढ्या मोठ्या दवाखान्याचा काटा आहे तो. त्यात दोष कसा निघेल?"

"मी स्वतः पाहिलं साहेब. किलोमागे शंभर ग्रॅम. म्हणजे सात महिन्यांच्या सगळ्या नोंदी चुकीच्या आहेत."

"असं फोनवर बोलू नका. लेखी कळवा, माणूस पाठवू. तोपर्यंत नोंद आहे त्याच काट्याची करा. भाजीवालीच्या वजनावर सरकारी कार्ड भरता येत नाही."

"आणि ही मुलगी?"

"तिचं कार्ड पिवळं आहे ना? मग प्रश्न कुठे येतो?"

सिस्टरने फोन ठेवला. माझा आकडा खोडला, शेजारी पाच सातशे लिहिलं, सही केली, केंद्राला कुलूप लावलं आणि आजीला घेऊन स्वतः रुग्णालयात गेली. तिथल्या काट्यावरही पाच सातशेच भरले. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर काही करता आलं नसतं. मुलगी आता सहाच्या वर गेली आहे, आणि आजी रोज कुणाला ना कुणाला ते सांगून जाते. हे ऐकून तुम्हाला हायसं वाटलं असेल. मलाही वाटलं होतं, दोन दिवस.

कारण तिसऱ्या दिवशी सिस्टरने सात महिन्यांचं रजिस्टर काढलं आणि सगळ्या बाळांना परत बोलावलं. मला टेबलाखाली सरकवलं, झोळीचा काटा हुकाला लावला. रांग थेट टाकीच्या पायऱ्यांपर्यंत गेली. संध्याकाळपर्यंत एकवीस कार्डं लाल झाली.

रांगेच्या शेवटी एक आई उभी होती. तिच्या कडेवर कुणी नव्हतं. हातात नुसतं कार्ड.

"बाळ कुठे आहे?" सिस्टरने मान वर न करताच विचारलं.

"गेला तो. दोन महिने झाले." ती शांत होती. "मदतनीस बाई निरोप देऊन गेली म्हणून आले. सगळे म्हणतात काटा चुकीचा होता. त्याचं खरं किती होतं, तेवढं सांगा."

सिस्टरने कार्ड घेतलं. पाच किलो साठ लिहिलेलं होतं, पिवळ्यात. तिने कागदावर हिशेब केला, मग पुन्हा एकदा केला.

"चार किलो सहाशे," ती म्हणाली.

"म्हणजे लाल?"

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला, भरती करू का म्हणून. तुम्ही म्हणालात गरज नाही."

सिस्टरने कार्ड तिला परत दिलं. ती आई कार्ड घेऊन निघून गेली. त्या बाळाला मी विसरलेलो नाही. माझ्यावर ठेवलं तेव्हा ते रडलंही नव्हतं, एवढी ताकदच त्याच्यात नव्हती, आणि मी ऐटीत पाच किलो साठ दाखवून टुक् केलं होतं.

आता चौकशी बसली आहे. कुणाची, माहीत आहे? सिस्टरची. सरकारी कार्डावर खाडाखोड केली, कामाच्या वेळेत केंद्र बंद ठेवलं. मला दान देणाऱ्यांची नाही, तक्ता मिरवणाऱ्यांची नाही. कागद खरवडायला लावणाऱ्यांना तर आपण काही केलं हेही माहीत नसेल. टेकडीकडे माझ्यावर एकही बाळ ठेवायचं नाही असं ठरायला पाच मिनिटं लागली होती. इथे सात महिने आणि एक भाजीवाली लागली. बाळं तीच, पट्टी तीच, शहर तेच.

मला पुराव्याची वस्तू म्हणून सीलबंद करून ठेवलंय. चौकशी संपली की फोडतील किंवा कदाचित आणखी कुठल्या वस्तीला देऊन टाकतील, मला कुणी विचारणार नाही. पण एक विनंती आहे, आणि ती तुम्ही चौकशीवाल्यांपर्यंत पोचवा. विभागाच्या त्या साहेबांना नुकताच नातू झालाय असं ऐकतो. येताना त्याला घेऊन या. माझं सील काढा, त्याला माझ्यावर ठेवा, मी सांगेन तो आकडा त्याच्या कार्डावर लिहा, आणि त्याला घेऊन निवांत घरी जा.