ऊर्जा डाव्या हातात का गेली नाही

“आधी लेकराकडे बघा, मग आकड्याकडे.” भिंगरीला पहिल्यांदा घरी सोडताना हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी तिच्या आईला बजावलं होतं. पिशव्या सांभाळत मागे उभ्या असलेल्या आत्याच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं.

आज मात्र ऊर्जाबाबांच्या शिबिराचा सगळा हॉल आकड्याकडेच डोळे लावून बसला होता. कुणाच्या लेकराच्या नाकात ऑक्सिजनची नळी, कुणाच्या पोटात दुधाची. एसी असा सोडलेला, की मोठ्यांचेही दात वाजावेत. त्यात ऊर्जाबाबांच्या सेविका दारातच पोरांचे हातमोजे काढून घेत होत्या. “ऊर्जा उघड्या हातालाच लागते हो!”

मंचावर बाबांच्या पायाशी, ‘बऱ्या झालेल्या’ मुलांनी सोडलेल्या यंत्रांचा ढीग. बाबा हात पायघोळ बाह्यांत खुपसून बसलेले. भक्त म्हणत, आत तेज साठवतात.

“दमलीस ना, आई?” बाबांनी भिंगरीच्या आईला विचारलं. तिचे डोळे टचकन भरले. “दमणारच! श्रद्धेपेक्षा सिलिंडर जड झालाय तुझा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

भिंगरीच्या आईला, म्हणजे आत्याच्या भावजयीला, खरं तर चमत्काराचीही हौस नव्हती. रात्रभर मुलीचा कफ यंत्राने ओढायचा, नळीतून दूध द्यायचं, पुन्हा कफ. “यंत्रं सुटली, तर एक रात्र सलग झोपेन हो, ताई,” येताना बसमध्ये ती म्हणाली होती. “तुम्ही देवाचं करणाऱ्या. तुम्ही सोबत असलात की बरं.” देवाचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोटही न घेणारी आत्या म्हणूनच सिलिंडर धरून मंचावर उभी होती.

भिंगरीच्या उजव्या हाताच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लागला. मोठ्या पडद्यावर आकडा आला: चौऱ्याऐंशी. हॉल हळहळला. भावजय पांढरीफटक पडली.

आत्याने लेकराकडे बघितलं. ओठ गुलाबी, श्वास संथ, आणि स्वारी बाबांची माळ ओढण्यात दंग! एवढा आकडा पडलेलं पोर असं खिदळेल? तेव्हा कुठे तिला नर्सबाईंचं पुढचं वाक्य आठवलं. “बोटं गार पडली की चिमटा चुकतो. हात ऊबदार करा, मग मोजा.”

बाबांनी बाह्यांतून हात काढले, भिंगरीचा तोच इवला पंजा तळव्यांत दाबून धरला आणि डोळे मिटले. “चढ, ऊर्जे, चढ!” ऊर्जा आज्ञाधारक होती. आकडा शहाण्णववर गेला.

“फेक ते ओझं! आजपासून ऑक्सिजन बंद!”

भावजयीचा हात भिंगरीच्या नाकातल्या नळीकडे गेला. आत्याने तो हलकेच धरला. “थांब गं जरा.” चिमटा काढून तिने भिंगरीच्या डाव्या हाताच्या बोटाला लावला. आकडा धाडकन खाली आला.

“बाबा,” तिने मऊ आवाजात विचारलं, “ऊर्जा डाव्या हातात जायची विसरली का हो?”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

“शंका आली की ऊर्जा पळते!” बाबा गरजले.

“असं होय? मग बोलावते परत.” तिने तो डावा हात आपल्या शालीत घेऊन काखेत धरून ठेवला. मंत्र नाही, डोळे मिटणं नाही. मग पुन्हा चिमटा लावला. शहाण्णव!

“आत्याबाई, तुमचा मठ कुठंय?” मागून आरोळी आली.

एवढ्यात भिंगरीलाही ऊब कुठे आहे ते कळलं. तिने बाबांच्या बाहीत हात घातला आणि आतली गरम पाण्याची रबरी पिशवी ओढून काढली. तेज साठवलेलं होतं ते असं, बूच लावून.

“मीही देव मानते,” आत्या म्हणाली, “पण माझ्या देवाला एसी लागत नाही. आकडा चढला तर आधी विचारा, का चढला. आणि यंत्र बंद करायचं ते डॉक्टरांनी लेकराला तपासून सांगितलं तरच. ते ढिगातलं ज्याचं असेल त्याने घरी न्यावं, आत्ताच.”

एक बाप धावला. त्याच्यामागे दोन आया. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, “पुढचा भक्त.” आणि गंमत बघा, तरीही तिघे-चौघे रांगेत उभेच राहिले.

परतताना बसमध्ये भावजय म्हणाली, “जिंकलात, ताई. आता रात्री कफ कोण ओढणार?”

आत्याने भिंगरीभोवतीची शाल नीट केली.

“लबाड होता, कळलं मला. पण दमलीस का, एवढं तरी विचारलं त्याने. तुम्ही सगळे प्रार्थना करतो म्हणता आणि दिवा मालवून झोपता.”

“मला शिकव ते यंत्र.”

“तुम्हाला त्याच्या आवाजाचीसुद्धा भीती वाटते!”

“वाटते. म्हणून तर नर्सबाईंकडून नीट शिकते. त्यांनी ‘जमतंय’ म्हटलं की शनिवारची रात्र माझी. तू दार लावून झोपायचंस.”

भावजयीने मान खिडकीकडे वळवली. “बघू,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आत्याने रोजचा नेम उरकला, पाण्याचा घोट घेतला, चष्मा पुसला. मग तळव्यावर तळवा घासून हात ऊबदार केले, आणि कुणाला न उठवता हॉस्पिटलच्या वाटेला लागली.