वरचा वर्ग

निकालाच्या दिवशी पास झालेल्या मुलीचा बाप तोंड पाडून बसलेला कधी पाहिलाय, वाचकहो? मुख्याध्यापकांच्या खोलीत शिंपीदादा तसेच बसले होते. त्यांची लेक पाचवी पास झाली होती, तीही चांगल्या गुणांनी. वर्गात तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. पाय चालत नव्हते म्हणून ती चाकांच्या खुर्चीतून यायची. तोंड मात्र चौघींचं चालवायची.

“सहावी माडीवर भरते,” सर जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हणाले. “तिला जिना कसा चढवणार? अशा मुलांसाठी वेगळी शाळा आहे, चांगली आहे. तिच्या भल्यासाठीच सांगतोय.”

“मी पास झाले तरी मला का काढतात, असं विचारते ती. काय सांगू तिला?”

“उद्या बोलू,” म्हणून सरांनी वेळ मारून नेली.

सरांच्या घरी त्यांची मावशी राहायला आली होती. लहानपणापासून कुबडी घेऊन चालणारी, आयुष्यभर शिक्षिका म्हणून काम केलेली. सरांनी तिच्यापुढे मन मोकळं केलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

“माझ्या थोरल्या भावाला ऐकू यायचं नाही,” मावशी म्हणाली. “पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवायचे. त्याच्या शाळेचा विषयसुद्धा कुणी काढला नाही. माझ्या वेळी वेगळी शाळा निघाली. तिचे उपकार आहेत माझ्यावर, पण गल्लीतली एकही मैत्रीण मला मिळाली नाही रे. पुढे नेहमीच्या शाळांनी आमची मुलं घेतली, पण बसवली कुठे? अडगळीच्या खोलीशेजारी! आईबापांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, मोर्चे काढले, तेव्हा कुठे त्या मुलांना सगळ्यांबरोबर शिकायचा हक्क मिळाला. आणि तू तिला फाटक दाखवतोस, तेही गोड बोलून!”

“मावशी, जिना काही मी हलवू शकत नाही.”

“जिना राहू दे. वर्ग हलव.”

“असं कसं? वरचा वर्ग वरच असतो!”

मावशी इतकी हसली की कुबडी हातातून निसटली. “अरे शहाण्या, वरचा वर्ग म्हणजे पुढची इयत्ता! माडी नव्हे!”

सरांनी कपाळावर हात मारला. खरंच की! सहावीने वरच बसायचं, हे ठरवलं होतं कुणी? इतकी वर्षं हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही? त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि मग तेही मावशीबरोबर खो खो हसू लागले. सकाळी ते स्वतः शिंप्याच्या दुकानात जाऊन, यंदा सहावी खाली आणि पाचवी माडीवर भरेल, असं सांगून आले.

शाळा सुरू झाली. पाचवीची मुलं जिना दणाणवत माडीवर गेली. त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं. सहावीवाले मात्र खाली फुरंगटून बसले.

“बाई, आम्ही नापास झालो का?” एकाने विचारलं.

“गप्प बस!” सहावीच्या बाई म्हणाल्या. “तो जिना चढून माझ्या गुडघ्यांचा जीव गेला होता. कुणाच्या का निमित्ताने होईना, सुटले बाई एकदाची!”

वर्ग हसला. रेडिओ लागला, तो काही थांबेना.

मधल्या सुट्टीआधी सर व्हरांड्यातून जात होते. पाहतात तो रेडिओ वर्गाच्या बाहेर! शेजारी तिची मैत्रीण कान धरून उभी. सर धावतच तिच्यापाशी गेले.

“का गं? तुला बाहेर का काढलं?”

“बडबड केली म्हणून!” तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. “हिला आणि मला, दोघींना सारखीच शिक्षा! आणि सर, आपलं वाचनालय वर आहे. ते कधी उतरवताय?”

“उतरवू,” सर हसत म्हणाले. “या आठवड्यातच.”

मंडळी, आपल्या गावातल्या शाळेतही एक नजर टाकून या. मूल वर्गाबाहेर दिसलंच, तर ते बडबडीमुळे असावं, घटकाभरापुरतं. जिन्यामुळे कधीच नसावं!